टॅगबुवांचा लाल टॅग

टॅगबुवांनी माझ्याशी बोलताना एखादं वाक्य पुरं केल्याचं मला आठवत नाही. सुरुवात व्यवस्थित व्हायची. "ताई, त्या चार नंबरच्या परांचीचं काल असं झालं की..." आणि तिथेच गाडी बंद. डोळे माझ्या खांद्यावरून पलीकडे, मान किंचित कललेली, उजव्या पायाची टाच वर-खाली. मी मागे वळून पाहिलं की तिथे काहीच नसायचं. एक पत्र्याची शेड, एक पाण्याची टाकी, धूळ. "काय झालं?" मी विचारायचे. "काय नाय. धोबी इलो." धोबी म्हणजे शेपटी सतत हलवणारा तो काळा-पांढरा इवलासा पक्षी. थंडीत कुवेतला येतो. तो आला, म्हणून चार नंबरच्या परांचीचं काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी मुळात घाईची बाई. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला इथल्या औद्योगिक पट्ट्यात आमच्या ठेकेदार कंपनीचं काम चालतं, आणि कुठलं काम कुठल्या दिवशी, कुठल्या परवान्यावर सुरू होईल ते लावून देणं ही माझी नोकरी. दिवसभर तीन फोन वाजतात आणि तिन्हीकडे माझ्या नावाने शंख चालू असतो. अशा माणसासमोर कोणी अर्धं वाक्य टाकून आकाशात पाहायला लागलं की डोकं फिरतं. बुवांवर माझं डोकं रोज फिरायचं. तरी सकाळच्या बसमध्ये मी त्यांच्याच शेजारची जागा धरायचे, हेही खरं.

बुवा परांच्या तपासायचे. उंच पाइपांवर काम करायला लोखंडी नळ्यांची आणि फळ्यांची जी परांची बांधतात, ती धड आहे की नाही हे पाहून तिच्या शिडीला टॅग अडकवायचा. हिरवा असेल तर चढा, लाल असेल तर पाऊल ठेवायचं नाही. इतकं साधं काम, पण शे-दीडशे माणसं त्या एका रंगाच्या भरवशावर वर जायची. बुवा प्रत्येक नटाला हात लावल्याशिवाय हिरवा टॅग द्यायचे नाहीत. साइट मॅनेजर खाली उभा राहून घड्याळ दाखवायचा आणि हे वरून शांतपणे सांगायचे, "साब, घड्याल खाली है, मैं ऊपर हूँ." मालवणी पोरांनी त्यांचं नाव टॅगबुवा ठेवलं. भजनातला बुवा जसा सूर लावून देतो आणि मग बाकीचे गातात, तसे हे टॅग लावायचे आणि मग साइट चालू व्हायची.

आम्ही दोघंही राहायला महबूल्यात, कुवेतच्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत. मी नवऱ्याबरोबर फ्लॅटमध्ये, बुवा दोन गल्ल्या सोडून कंपनीच्या इमारतीत, एका खोलीत सहाजण. बस पहाटे निघायची. बुवांना ठरलेली जागा अशी नव्हतीच. समुद्र दिसेपर्यंत डावीकडे बसायचे, वाळवंट सुरू झालं की उठून उजवीकडे. "बुवा, एका जागी बसा हो, चक्कर येते मला," मी म्हणायचे. "बसतंय, बसतंय," म्हणत ते पुन्हा उठायचे. ड्रायव्हर आरशातून बघून कपाळाला हात लावायचा.

त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती. कामाच्या फाटकातून दुर्बीण, कॅमेरा काही आत नेता येत नाही. सुट्टीच्या दिवशीही नको, असं त्यांचं मत. "उगाच पोलिसान विचारल्यान तर काय सांगू? पाखरां बघतंय म्हणान? कोण विश्वास ठेवतलो?" त्यामुळे ते पक्षी ओळखायचे ते चालीवरून. चोच नाही, पिसं नाही, तो बसतो कसा, उठतो कसा, किती वेळ दम धरतो. गावी, शिरोड्याच्या मिठागरात, त्यांचे वडील मीठ ओढायचे आणि हे बांधावर बसून चिखलातले पक्षी बघायचे. मास्तरांनी शाळेत कधी पक्ष्यांची नावं सांगितली नाहीत, म्हणून त्यांनी आपली आपणच ठेवली होती. एकाचं नाव 'धावपट्टो', एकाचं 'रागीट सासू'. पुढे मोबाइल आला तेव्हा खरी नावं सापडली, पण सासू सासूच राहिली.

मी नाशिकची. पाणपक्ष्यांसाठी माणसं लांबून लांबून येतात ते नांदूर मध्यमेश्वर माझ्या माहेरापासून तासाभरावर, आणि मी जन्मात तिथे गेलेली नाही. हे कळल्यावर बुवा इतके दुःखी झाले की मलाच अपराध्यासारखं वाटायला लागलं. त्या शुक्रवारी ते मला महबूल्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. ऑक्टोबर होता, ओहोटी होती, आणि ओल्या वाळूवर तुतवार पक्ष्यांचा घोळका सुया टोचल्यासारख्या चोची मारत फिरत होता. "हे आता आमच्याकडे जातले," बुवा म्हणाले. "दिवाळीआधी पोचतले." स्वतः बुवांना दोन वर्षांतून एकदा रजा. हेच पक्षी शिरोड्याला जातात की आणखी कुठे, कोण जाणे. मी तसं बोलून दाखवलं नाही, आणि मी न बोलणं ही माझ्या घरात बातमी होईल.

फुलपाखरांसाठी ते सलव्याला, बंगल्यांच्या वस्तीत जायचे. दोन बस बदलून. तिथल्या एका बंगल्याच्या कुंपणावर घाणेरीची दाट जाळी होती आणि वसंतात तिच्यावर नारिंगी, काळ्या ठिपक्यांची फुलपाखरं झुंबड करायची. बुवा रस्त्याच्या पलीकडे विजेच्या खांबाला टेकून बघत राहायचे. दोन वर्षं असं चाललं. एक दिवस घरमालक, म्हणजे एक म्हातारे कुवेती गृहस्थ, ड्रायव्हरला घेऊन बाहेर आले. बुवांना वाटलं, संपलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा पूछता है, दो साल से इधर खड़ा है, घंटी क्यों नहीं बजाया?" बुवांनी हात जोडले आणि फुलपाखराकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने आतून प्लास्टिकची खुर्ची मागवली, कुंपणाच्या आत ठेवायला लावली आणि चहा पाठवला. पुढच्या शुक्रवारी बुवा पुन्हा खांबाला टेकून उभे. मी म्हटलं, "अहो, खुर्ची दिलीय ना त्यांनी?" तर म्हणाले, "तेव्हा दिल्यान. परत कशी मागू?"

हे मागणं त्यांना कधी जमलंच नाही. जास्तीची रजा मागितली नाही, खिडकीजवळची खाट मागितली नाही, उन्हाळ्यात फुटलेल्या बुटांच्या जागी नवे मागितले नाहीत. आखातात वीस वर्षं काढलेली बरीच माणसं अशी होतात. मिळेल ते घ्यायचं, विचारून नजरेत यायचं नाही. मला ते समजायला हवं होतं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एका दुपारी चहाच्या सुट्टीत फुलपाखरांची रांगच आमच्या यार्डावरून गेली. शेकडो असतील. सगळी एकाच दिशेने, उत्तरेकडे, जमिनीपासून माणसाच्या उंचीवर. कुणी फुलावर थांबेना, फुलं होतीही कुठे म्हणा. बुवा चहाचा कप घेऊन त्यांच्याबरोबर चालत सुटले ते थेट तारेच्या कुंपणापर्यंत. तिथे जाळीत बोटं अडकवून उभे राहिले. मी हाका मारत मागे गेले, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "ह्येंका कोण सांगता, आता निघा म्हणान?" एवढंच म्हणाले. मग कपातला थंड चहा वाळूत ओतून कामाला गेले, आणि त्या दिवसानंतर त्यांचा पाय आणखीच ठरेनासा झाला.

त्याच आठवड्यात सात नंबरच्या परांचीवर, तिसऱ्या टप्प्यात, फळी आणि नळीच्या बेचक्यात एका कवड्याने चार काड्या ठेवल्या आणि त्यांना घरटं म्हटलं. कवडा म्हणजे होला. कुवेतमध्ये गल्लोगल्ली घुमतो, कुणी मान वर करून बघतही नाही. दोन अंडी होती. सात नंबरवर त्या आठवड्यात पाइपाला उष्णतारोधक गुंडाळायचं काम लागणार होतं. म्हणजे दहा माणसं, पत्रे कापायची यंत्रं, ठोकाठोकी.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये बुवा मला म्हणाले, "ताई, ता सात नंबराचा काम जरा मागे..." माझा फोन वाजत होता. "बुवा, नंतर," मी म्हटलं. उतरताना त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. "ताई, सात नंबर..." मी म्हटलं, "बुवा, एक वाक्य धड बोलायला शिका, मग या माझ्याकडे." आजूबाजूचे हसले. बुवाही हसले.

त्या दिवशी सात नंबरवर लाल टॅग लागला. शेऱ्यात लिहिलं होतं: पायाखालची वाळू खचते आहे, बसेपर्यंत थांबावे. बुवांचा टॅग म्हणजे प्रश्नच नाही. मी काम पुढे ढकललं, माणसं दुसरीकडे लावली. बारा-तेरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, वाळू इतके दिवस कशी खचेल? मी हेल्मेट घालून गेले. परांचीच्या पायाखाली काँक्रीट होतं. वर पाहिलं तर बेचक्यातून एक करडं डोकं माझ्याकडे बघत होतं.

मी बुवांना शेडमागे गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. वीस वर्षांत एक खोटा टॅग नाही, आणि आता एका होल्यापायी? तोही साधा होला? "दुर्मीळ असतो तर कोणीय राखलो असतो," बुवा म्हणाले. "ह्येका कोण राखतलो?" मी म्हटलं, खोटं ते खोटंच. ते हळू आवाजात म्हणाले, "ताई, हिरवो खोटो लावलो तर माणूस मरता. लाल खोटो लावलो तर काय जाता? काम थांबता, इतक्याच." मला ते पटलं. अगदी खरं सांगायचं तर मला ते फार सुंदर वाटलं. पिल्लं अंड्यातून बाहेर आली होती, अजून दोन आठवडे लागणार होते. मी कागदावर काही लिहिलं नाही आणि गप्प राहिले.

पण साइटवर एवढी गोष्ट लपते थोडीच? पत्रे गुंडाळणाऱ्या टोळीचे फोरमन रफीकभाई, रत्नागिरीकडचे, बुवांचे पंधरा वर्षांचे सोबती. त्यांना कळलं आणि त्यांनी त्याची मस्करी करून टाकली. "बुवाचा कवडा बाळंत झाला" वगैरे. पोरं सात नंबरखालून जाताना टाळ वाजवल्याची नक्कल करायची. बुवा लाजायचे, पण कुठेतरी सुखावलेलेही दिसायचे. मीही हसले. सगळ्यांना ठाऊक झालं होतं की हा लाल टॅग काही खरा लाल टॅग नाही, आणि त्याचा अर्थ काय होतो हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आठवड्याभराने रफीकभाई अकरा नंबरच्या परांचीपाशी माप घ्यायला गेले. तिथेही लाल टॅग होता. तो खरा होता, वरच्या फळ्या अजून बांधायच्या होत्या. बरोबरच्या माणसाने टॅग दाखवला तर रफीकभाई हसून म्हणाले, "अरे, हय पण बुवानी पाखरू ठेवलाय वाटता." आणि चढले. दुसऱ्या टप्प्यावर फळी उलटली. दहा-बारा फुटांवरून खाली आले, दोन्ही टाचा मोडल्या. डोकं वाचलं, हे नशीब.

बुवा अकरा नंबरपाशी पोचले तेव्हा रफीकभाईंना उचलून नेलं होतं. त्यांनी आपलाच लाल टॅग हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग कुणाशी न बोलता ऑफिसात गेले आणि स्वतःहून सांगून टाकलं. सात नंबरचा टॅग खोटा होता, मी लावला, म्हणून हा माणूस पडला.

चौकशी तीन दिवसांनी झाली. साइट मॅनेजर तसा वाईट माणूस नव्हता. त्याने कागद उलटले आणि खरोखरच न समजून विचारलं, "सात नंबर तो लिस्ट में सबसे आखिर में जा सकता था. एक बार पूछ लेते तो? कोई मना करता क्या?" कुणीही मना केलं नसतं. ते काम शेवटी टाकायला मला संगणकावर दोन मिनिटं लागली असती. आम्ही दोघंच, बुवा आणि मी, जाणत होतो की त्यांनी विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. मी त्या खोलीत, त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते, समोर माझीच यादी होती. मी तोंड उघडलं नाही. बुवांनीही माझं नाव घेतलं नाही. मला त्या खोलीत लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

बुवांचं तपासनीसाचं कार्ड काढून घेतलं, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द झाला, तिकीट निघालं. या सगळ्या गोंधळात साइटचं काम आठवडाभर बंद होतं, आणि तेवढ्या शांततेत सात नंबरवरची दोन्ही पिल्लं उडून गेली. जायच्या दिवशी सकाळी बुवा बसथांब्यावर आले, साध्या कपड्यांत. मी त्यांना ते सांगितलं. मला वाटलं होतं चेहरा फुलेल. "असां," एवढंच म्हणाले. मी रडत माफी मागितली. मी बोलायला हवं होतं, तुम्ही मागितलं होतं, मी ऐकलं नाही. ते म्हणाले, "तुमी काय करतलात? माका नीट मागूक येना नाय." तेवढ्यात शेजारच्या भिंतीवर कुठलासा पक्षी येऊन बसला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली नाही. खाली जमिनीकडे बघत राहिले, आणि मला त्यांची नोकरी गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

पुढे महिनोन्‌महिने मी शिरोड्याला फोन करत होते. बुवा पहिला प्रश्न विचारायचे तो रफीकभाईंच्या पायांचा. मग पाऊसपाणी, मुलीची परीक्षा. मी मुद्दाम काढायचे, बुवा, मिठागरावर आता कोण कोण आलंय? "जातंय खंय मी थंय," म्हणून विषय बंद. माणसाने पन्नास वर्षं जे बघितलं ते असं एका दिवसात बंद करावं? मला झोप लागेना. मी मॅनेजरला जाऊन सांगितलं, बुवांनी मला विचारलं होतं. तो म्हणाला, फाइल बंद झाली मॅडम. मी म्हटलं, मग परवान्याच्या कागदावर एक ओळ तरी वाढवू द्या. काम सुरू करण्याआधी पाहावे: या जागी काही जिवंत आहे का? तो हसला, पण सही केली. लोकही हसले, आणि न वाचता 'नाही' पुढे खूण करून कागद माझ्या टेबलावर टाकत राहिले. मी प्रत्येक कागद बघायचे. सात-आठ महिने नुसत्या खुणा.

रफीकभाई कुबडी सोडून परत आले तेव्हा त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं. स्टोअरच्या मागच्या भिंतीला जुन्या एसीची लोखंडी चौकट होती, ती काढायचा परवाना त्यांनी या एप्रिलमध्ये माझ्याकडे पाठवला. त्या ओळीपुढे खूण नव्हती. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: "आहे. घरटं, दोन अंडी. उडेपर्यंत चौकट काढू नये, ही विनंती."

मी त्या कागदाचा फोटो काढून बुवांना पाठवला. त्यांनी तो पाहिल्याच्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मी उठले, बसले, पुन्हा उठले. दहा वाजता मीटिंग होती, मी गेले नाही. सव्वादहाला फोन वाजला.

"कवडो की बुलबुल?"

मी म्हटलं, मला कसं कळणार?

"अंड्यार ठिपके असत काय बघा, कवड्याची पांढरी आसतत. पण हात लावू नकात. आणि आवशीक उठवू नकात."

मी हेल्मेट घेतलं, स्टोअरमागे गेले, रफीकभाईंना शिडी धरायला लावली. आई बाहेर गेली होती. अंडी गुलाबीसर होती, आणि त्यांवर तपकिरी ठिपके होते. खाली उतरून मी बुवांना तसं सांगितलं, तर लगेच पुढचा प्रश्न आला. घरटा कसल्या काड्यांचा? मग त्याच्यापुढचा. आवस खंयच्या बाजूक बसता, वाटेक तोंड करून की पाठमोरी? त्या सकाळी मी तीन वेळा शिडी चढले.